बोहनीचे पैसे

पोस्टातला माणूस मळ्यात बोलवायला आला तेव्हा मी वांग्यांना पाणी देत होते. "मुंबईचा फोन हाये, लवकर चाला," एवढंच तो म्हणाला. पाणी तसंच वाहतं सोडलं आणि चिखलाच्या पायांनी अमडापूरच्या पोस्टाकडे धावत सुटले. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. गावातून अशी एकटी, तीही धावत, मी कधीच गेले नव्हते. डोक्यावरचा पदर पडला तो सावरायचंही भान नव्हतं. मनात एकच होतं, फोनवर काय ऐकायला मिळणार.

फोनवर मामाजी होते, माझे सासरे; सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा.

"सूनबाई, आयकू येते का? तुह्या आत्याबाईचं रक्त जुळलं. त्यायचा गुर्दा पोराले बसते."

"मंग कधी करतात?"

"एक औषध बाहेरून मांगवा लागते. ते हातात असल्याबिगर कापत नाहीत. माह्याजवळचे पैसे सरले, बाई. तूच पाय आता."

"यांची तब्येत कशी हाये?"

नुसती खरखर आली. मग, "पोटात नळी घालून रक्त साफ करून राह्यले. पन डॉक्टर म्हने, असं लई दिवस चालत नाही," आणि फोन तुटला. पोस्टमास्तर माझ्याकडे न बघता शिक्के मारत राहिले.

हे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. मॅट्रिक झालेले, सायकलवर भाजीची पोती लादून चिखलीपर्यंत जाऊन येणारे. सकाळी चेहरा सुजायचा तर आम्ही म्हणायचो, झोप जास्त झाली. मग पायांवर सूज आली, जेवण उलटून पडायला लागलं. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात कळलं की दोन्ही किडन्या सुकल्यात. मुंबईला एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवतात, हे आम्ही पहिल्यांदा तिथेच ऐकलं. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "माह्यातला घ्या. थो माह्याच पोटातून निंघाला ना? अजून एक तुकडा गेला तं काय होते?"

बैलजोडी विकली. माझे दागिने चिखलीच्या सराफाकडे गेले, गळ्यात काळे मणी तेवढे राहिले. यांना घेऊन सासू-सासरे मुंबईला गेले आणि भाजीपाला कोणीतरी बघायला हवा म्हणून मी मागे राहिले. वांगी, मिरची, मेथी. तोडली नाही तर जून होते, आणि तोडून विकली तरी त्या औषधाला पुरणार नव्हती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी माझे वडील सुलतानपूरहून आले. त्यांना कोणीतरी निरोप दिला होता. मला वाटलं, मदत घेऊन आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "कपडे बांध, बाई. चाल माह्यासंग."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? एकटी पोरगी इथं राहून काय करतं? तिकडं काय होईन, कोनाले सांगता येते?"

त्यांच्या मनातलं मला कळलं. मी विधवा होईन असं धरूनच ते आले होते. मी विचारलं, "बाबा, तुमच्याजवळ पैसे हायेत ना?"

"हायेत. तुह्या बहिनीच्या लग्नाचे हायेत. तारीख धरली. तिच्या सासरचे आधीच कडक. मले दोन पोरी हायेत, एकच नाही."

ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, "मी येत नाही. भाजी तोडाची हाये." ते रागावले, पण परत गेले नाहीत. ओसरीवरच आडवे झाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता. बाजारात बसायचं काम आत्याबाईंचं; नव्या सुना बसत नसत. मी वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन गेले तेव्हा आत्याबाईंच्या जागेवर मिरचीवालीने पोतं पसरलेलं. या बाईचं आणि आत्याबाईंचं त्या जागेवरून बाजारोबाजारी भांडण व्हायचं. हातभर जमिनीसाठी एकमेकींचे पूर्वज काढायच्या. मी टोपली घेऊन तशीच उभी राहिले.

"काऊन उभी हायेस वं? बस इथं," तिने पोतं ओढून घेतलं. "सासू कशी हाये तुही?"

मी सगळं सांगितलं. रक्त जुळल्याचं, औषधाचं, पोटातल्या नळीचं. आजूबाजूच्या दोन-चार जणी कान देऊन ऐकत होत्या.

एवढ्यात मिरचीवालीकडे गिऱ्हाईक आलं. तिने मिरची तोलली, पैसे घेतले. दिवसाची ती पहिली विक्री, बोहनी. बोहनीचा पैसा विकणारा कपाळाला लावतो, पदराच्या गाठीत बांधतो. तो उधार सोडत नाहीत, कोणाला देतही नाहीत, दिला तर दिवसभराचा धंदा बसतो असं मानतात. तिने ते पैसे कपाळाला लावले आणि माझ्या ओंजळीत टाकले.

"मावशी, बोहनी हाये!"

"मले कळते बोहनी हाये. तुह्या सासूसंग मी इतके वर्स भांडली. ते आली नाही तं बाजारात भांडू कोनासंग?" मग तिने शेजारणींकडे मान वळवली. "पायता काय? द्या न आपापली."

मेथीवालीने दिली. एका म्हाताऱ्याने गिऱ्हाईक यायची वाटही पाहिली नाही, कनवटीचे काढून दिले. काही जणांनी मान फिरवली, एकाने तर "असं देऊन माह्या पोराबाळायनं काय खावं?" असं तोंडावर म्हटलं. त्याचंही चुकलं नव्हतं. पण मिरचीवाली मला हाताला धरून बाजारभर फिरवू लागली. माझा पदर तिनेच पुढे धरला. कापडवाल्याकडे, गुळवाल्याकडे, हॉटेलवाल्याकडे. मला माणसांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी फक्त हात बघत होते, कुणाचे मिरचीने लाल, कुणाचे हळदीने पिवळे.

गुळाच्या दुकानासमोर मान वर केली तर पुढ्यात माझे वडील उभे. पदर पसरलेली आपली मुलगी त्यांनी बघितली. मला वाटलं, आता भर बाजारात हात धरून ओढतील. ते वळले आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. ते गेलेच, असं मी धरलं.

संध्याकाळी मिरचीवालीने आणि पोस्टमास्तरांनी मिळून पैसे मोजले. औषधाच्या अर्ध्यालाही पुरत नव्हते. "पुढच्या बाजाराले दुसरबीड गावच्या लोकायलेही सांगतो," पोस्टमास्तर म्हणाले. पुढचा बाजार आठ दिवसांनी. तेवढे दिवस यांच्याकडे आहेत का, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

सकाळी पहिल्या एसटीने वडील परत आले. बसायलाही थांबले नाहीत. कमरेचा पैशांचा कसा सोडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "बहिनीनं काढून देल्ले. मी नाही. मी तिले नुसतं सांगतलं का तू बाजारात उभी होती." मग म्हणाले, "चाल. बायको मानूस एकटी पैसे घेऊन मुंबईले जाते का कुठं?"

मळा मिरचीवालीच्या हवाली केला. खामगावहून जलंबला आणि तिथून मुंबईच्या गाडीत. पैसे पोटाशी बांधलेले. शेजारी कोणी हलला की माझा हात पोटावर जायचा. स्टेशन आलं की वाटायचं, आत्ता या क्षणाला तिकडे काही झालं असेल तर? वडील समोर बसून होते, रात्रभर डोळे मिटले नाहीत त्यांनी. एकदाच म्हणाले, "तिचे सासरचे थांबतीन. थांबाले पाह्यजे." ते मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

दवाखान्यात यांना बघून मी ओळखलंच नाही. चेहरा मातीच्या रंगाचा, श्वासाला वेगळाच वास. "वांगी कशी हायेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चांगली आहेत.

औषध आलं. ऑपरेशनच्या दिवशी आधी आत्याबाईंना आत नेलं, मग यांना. मामाजी, वडील आणि मी बाहेरच्या बाकावर. दार उघडलं की तिघंही उभे राहायचो आणि दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं की बसायचो. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं.

शेवटी डॉक्टर आले. "किडनी बसवली आहे. आता लघवी होते का ते बघायचं." म्हणजे संपलं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर आत्याबाईंनी पहिला शब्द काढला, "झाली का त्याले?" नर्स म्हणाली, अजून नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "झाली का?" पहाटेपर्यंत हेच. उजाडताना यांच्या खाटेखालच्या बाटलीत थेंब पडायला लागले. मी वाकून बघत होते. थेंब, थेंब, मग बारीक धार. मामाजींनी तिथल्या तिथे भिंतीला डोकं टेकवलं.

दुपारी वडिलांनी आमच्या पोस्टात फोन लावला. लाइन खराब, पोस्टमास्तरांना ऐकू येईना. शेवटी वडील सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "लघवी झाली! जावयाले लघवी झाली!" मागे रांगेत उभी असलेली माणसं हसू लागली. वडील हसले नाहीत. फोन ठेवून खांबाला धरून उभे राहिले.

बहिणीच्या सासरचे थांबले नाहीत. ते लग्न मोडलं. पुढे तिचं लग्न झालं, बऱ्या घरी झालं, पण त्यात तीन वर्षं गेली आणि वडिलांचं जेवण त्या तीन वर्षांत निम्मं झालं. तिने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. मी कधीतरी विषय काढला तर म्हणायची, "जाऊ दे वं."

हे घरी आले, हळूहळू मळ्यात यायला लागले, आम्हाला मुलगी झाली. औषधं मात्र रोजची, मुंबईहून मागवायची, आणि एक दिवस चुकला तरी शरीर ती किडनी परकी मानेल असं डॉक्टरांनी बजावलेलं. पार्सल उशिरा आलं की मी पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसायची. यांना साधा ताप आला तरी आत्याबाई चुलीपुढून उठून यायच्या, कपाळाला नाही, पोटाच्या उजव्या बाजूला हात लावून बघायच्या, जिथे त्यांचा तुकडा होता. "गरम लागत नाही," असं त्या म्हणेपर्यंत मी श्वास धरून उभी असायची.