भुवडांना फुरसं डसत नाही

भुवडांना फुरसं डसत नाही, ही गोष्ट गावात पंचांगातल्या तिथीसारखी पक्की. दुसऱ्या कुणाला हा विषारी साप डसला, की तो माणूस सदू भुवडाच्या पडवीत येई. सदू मुळी उगाळून लावी. पैसे घेत नसे, पण सात पिढ्यांची महती ऐकवल्याशिवाय सोडतही नसे. त्यात लेक दमयंती गावच्याच आरोग्य केंद्रात नर्स झाली. तेव्हापासून "विषाचं खातं आमच्याच घरात," असं तो सांगत फिरे.

म्हणून चौऱ्याऐंशी साली, कुंपणाच्या गडग्याचे चिरे सारखे करताना त्याच्याच पायाला फुरसं डसलं, तेव्हा त्याने चिंधी बांधली, मुळी लावली आणि बायकोला सांगितलं, "काटा लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली ती लाल. सदूने वर तांब्याभर पाणी ओतलं आणि सुजलेला पाय ओढत मंत्र्यांच्या स्वागताला गेला.

मंत्री येणार होते सिमेंटच्या कमानीचं उद्घाटन करायला. कमानीपुढे रस्ता नव्हता, पण तो पुढच्या योजनेत होता. फुरशाच्या इंजेक्शनसाठी दमयंतीने वर तीनदा लिहिलं होतं. उत्तरादाखल भिंतींसाठी पिवळ्या रंगाचे दोन डबे आणि क्रोटनच्या अकरा कुंड्या आल्या. केंद्राची एकुलती जीप सकाळपासून तालुक्याच्या साहेबांच्या दिमतीला होती.

ओवाळणाऱ्या बायकांत उभ्या असलेल्या दमयंतीला बापाच्या ओठाशी रक्त दिसलं. तबक शेजारणीच्या हातात देऊन ती आली.

"बाबा, तोंड उघडा."

"हितं? चारचौघांत?"

तिने हिरड्या पाहिल्या, मग चिंधी सोडली. दोन ठिपके.

"कधी चावलं?"

"काटा गो तो."

"केंद्रात इंजेक्शनची एक बाटली नाय. रत्नागिरीला न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता."

ती थेट जीपपाशी गेली. साहेबांनी सदूचं बोलणं ऐकलं होतं; ते घड्याळ बघत होते. "बाई, मंत्री पंधरा मिनिटांत येतील. काट्याकुट्यासाठी जीप मिळायची नाही."

"काटा नाय साहेब. फुरसं."

रांगेतला बाबल्या हसला. गेल्या वर्षी फुरसं डसल्यावर सदूच्या मुळीने तोच उठून बसला होता. "साहेब, भुवडांना फुरसं डसत नाय. विचारा कुणालापण."

साहेब सदूकडे वळले. "काय हो, चावलंय की नाही? नक्की सांगा."

सगळा गाव हार घेऊन उभा. सदूच्या तोंडात पुन्हा खारट चव आली. त्याने दमयंतीकडे पाहिलं. ती जीपचं दार धरून उभी होती.

"चावलंय," सदू म्हणाला. "काल. गडग्यात."

"मग मुळी लावली नाय?" बाबल्याचं हसू गेलं होतं.

"लावली. तुझ्या टायमाला ते फुरसं कोरडं चावलेलं असणार, विष सोडलं नसणार."

साहेबांनी कमानीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. तोवर बाबल्याने हार खाली टाकून सदूला उचललं आणि मागच्या बाकावर आडवं केलं होतं. "न्या," साहेब म्हणाले.

रत्नागिरीला इंजेक्शन मिळालं, सदू वाचला. पण ती संध्याकाळची गोष्ट. वाटेवरचा हातखंब्याचा फाटा नऊ मैलांवर असताना तो जीपमध्ये पंच्यात रक्त थुंकत पडला होता.

"औषध नाय, हे तू गावात कधी बोलली नाहीस."

दमयंतीने त्याची नाडी धरली. "तुमची लेक नर्स, आणि तिच्याकडे औषध नाय. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?"