बू लस्मींच्या ओसरीवरचे प्रेक्षक

'सात उंबरे' ही मालिका आता कुणी बघत नाही, असं बू लस्मींच्या, म्हणजे लस्मीबाईंच्या, तोंडावर म्हणायची हिंमत आजवर एकानेच केली होती, आणि तो गॅसच्या टाक्या पोचवणारा, म्हणजे गल्लीबाहेरचा माणूस होता. बू लस्मींनी त्याला दारातच फैलावर घेतलं. "बाबा रे, तुला टाकीतलं कळतं, टीव्हीतलं कळत नाही. संध्याकाळी ये आणि माझी ओसरी बघून जा." तो बिचारा टाकी ठेवून पळाला.

ओसरी मात्र खरोखरच भरलेली असायची. जावा बेटावरच्या कुतोअर्जोच्या त्या गल्लीत दिवेलागणीची मगरिबची नमाज आटोपली की लुंगी सावरत पाक मुगियो, म्हणजे मुगियोकाका, यायचे. रेल्वेच्या फाटकावर जन्म गेला होता त्यांचा, त्यामुळे वेळेचे पक्के. पाठोपाठ शेजारच्या बू कार्सिह उकडलेल्या शेंगांचं भांडं घेऊन यायच्या, मग कोपऱ्यावरचे शिंपी नवरा-बायको. चटई पसरलेली, टीव्हीचं तोंड ओसरीकडे वळवलेलं. बू लस्मी आंबवलेल्या सोयाबीनच्या टेम्पेचे काप पिठात बुडवून गरम गरम तळून आणायच्या आणि गोडमिट्ट चहा. मालिका सुरू झाली की त्या सगळ्यांना दटावायच्या, "आता चकार शब्द नको." आणि खरंच कुणी चकार शब्द काढत नसे. बू लस्मींना त्याचा केवढा अभिमान!

तसं पाहिलं तर ही ओसरी त्यांची कधी नव्हतीच, ती त्यांच्या नवऱ्याची होती. पाक दार्सोनो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे आणि त्याहून जास्त गप्पा मारायचे. मूलबाळ नव्हतं, पण घरात माणसांचा राबता. बू लस्मी आत चुलीपाशी. चार शब्द बोलायचे तर तीन गिळणारी बाई. मालिका सुरू झाली तेव्हा पाक दार्सोनोंनी मोठा टीव्ही आणला आणि गल्लीला आमंत्रण दिलं. तीन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं गेली आणि पाठोपाठ तेही गेले. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर बू लस्मींनी मनाची तयारी केली, की आता या घरात आपण आणि भिंती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाक मुगियो हजर! "बू, लावा की मालिका."

त्यांनी मालिका लावली, आणि रडू आलं ते आत जाऊन रडल्या. माणसं दार्सोनोंसाठी येत होती असं त्या समजत होत्या, पण नाही, ती मालिकेसाठी येत होती. म्हणजे मालिका आहे तोवर माणसं आहेत. त्या दिवसापासून 'सात उंबरे'बद्दल कुणी वावगं बोललं की त्या उलट बोलायला शिकल्या, आणि चांगल्या खणखणीत शिकल्या.

पाक मुगियो अधूनमधून विचारायचे, "बू, अजून किती वर्षं चालायची हो ही?"

"काळजी नको, पाक. अजून खूप चालेल!" बू लस्मी धीर द्यायच्या. पाक मुगियो मान हलवून शेंग सोलायला घ्यायचे.

मग बू कार्सिहकडे नवी सून आली. रेत्नो, सेमारांग शहरातली, हसरी, बडबडी, आणि मालिकेची अशी वेडी की बू लस्मींना वाटलं, ही आपल्याच पोटी यायची चुकून दुसरीकडे गेली. पहिल्याच संध्याकाळी ती ओसरी बघून थक्क झाली.

"अगं बाई! एवढे लोक? बू, आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर महिनाभर नुसती भांडणं चालली आहेत. अर्धे म्हणतात मालिका संपली, आता फक्त आपल्यासारखे येडे बघतात. अर्धे म्हणतात खेड्यापाड्यांत अजून घरोघर लागते. पुरावा कुणाकडेच नाही."

"पुरावा हा काय इथे बसलाय, शेंगा खातोय!" बू लस्मी म्हणाल्या.

"काढू व्हिडिओ? एकेकाने बोलायचं, सध्याचं काय आवडतं ते. टाकते ग्रुपवर. सगळ्यांची तोंडं बंद!"

"उद्या काढ," बू लस्मी म्हणाल्या. "उद्या मी सगळ्यांना नीटनेटकं यायला सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतला ब्लाऊज घातला, ओसरी दोनदा पुसली. मंडळी आली ती जरा खाली माना घालूनच. बू लस्मींना वाटलं, लाजताहेत. रेत्नोने फोन पाक मुगियोंसमोर धरला.

"बोला पाक, कोण आवडतं?"

पाक मुगियोंनी घसा खाकरला. "आजोबा. आजोबा प्राविरो. काय तो दरारा! आता त्यांनी एकदा त्या नातीला सरळ करावं, म्हणजे झालं."

रेत्नो हसली. बू लस्मी हसल्या नाहीत. आजोबा प्राविरो मालिकेत मरून वर्ष लोटलं होतं. बू लस्मींनी त्यांच्या नावाने पिवळा भात, कोंबडी, सगळं रांधलं होतं. मशिदीतल्या मोदिनला दुआ मागायला बोलावलं, तर तो म्हणाला, "जन्मालाच न आलेल्या माणसासाठी अल्लाकडे काय मागू, बू?" तेव्हा दुआ न मागताच सगळे याच चटईवर जेवले होते. पाक मुगियोंनी तर घरी न्यायला दोन पुडकी बांधून घेतली होती.

"तुम्ही सांगा, आई," रेत्नोने फोन सासूकडे वळवला.

"नीलम," बू कार्सिह म्हणाल्या. "गुणाची पोर आहे."

"आई, नीलमने सासूला विष घातलं की! सहा महिने तुरुंगात आहे."

शिंप्याने आपणहून हात जोडले. "मला विचारू नकोस, पोरी. मला जाहिराती आवडतात."

रेत्नोने फोन खाली घेतला. "पण मग तुम्ही सगळे रोज इथे येता कशाला?"

"गप बस, आगाऊ कुठली!" बू कार्सिह खेकसल्या. पण प्रश्न विचारून झाला होता. टीव्हीत कुणीतरी हंबरडा फोडत होतं आणि ओसरीवर कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

शेवटी पाक मुगियो चटईकडे बघत म्हणाले, "दार्सोनोने दवाखान्यात माझा हात धरला होता, बू. म्हणाला, तिला संध्याकाळी एकटी ठेवू नका. मालिका चालू आहे तोवर तरी बसत जा. माझ्या सांगण्यावरून येता म्हणालात तर ती दार लावून घेईल, म्हणून मालिकेसाठी येतो म्हणा."

अजून किती वर्षं चालायची ही, या प्रश्नाचा अर्थ बू लस्मींना आता कळला. तीन वर्षं ही माणसं आपापली कामं, नातवंडं, दुखणारे गुडघे बाजूला ठेवून इथे शिक्षा भोगायला बसत होती, आणि आपण वर त्यांनाच दटावत होतो. मेलेल्या नवऱ्याचा राग आला. त्याने जाताजाता गल्लीकडे त्यांच्यासाठी भीक मागून ठेवली होती, आणि ती भीक त्या तोऱ्यात खात होत्या.

त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

"मला तरी कुठे आवडते ती आता?" त्या म्हणाल्या. "पार वाट लावलीय तिची. तुम्ही येता म्हणून लावत होते मी."

मग शिंपी फस्सकन हसला. "बू! आधी नाही का सांगायचं!"

"मला तर झोप यायची हो!" शिंप्याची बायको म्हणाली. मग जी मजा सुरू झाली! कुणी त्या हंबरड्यांची नक्कल केली, कुणी आजोबा मेले ते बरं झालं म्हणालं. पाक मुगियो डोळे पुसून पुसून हसले. तीन वर्षांत त्या ओसरीवर एवढं हसणं झालं नव्हतं. बू लस्मीही हसल्या, चहा ओतत राहिल्या. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी एकदा तरी म्हणावं, मालिका नसली तरी येत जाऊ. जाताना सगळ्यांनी चहाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बू लस्मी कपडे वाळत घालत असताना रेत्नो कुंपणापाशी आली. डोळे सुजलेले. "बू, खरंच नाही आवडत तुम्हाला? मला वाटलं होतं, आपण दोघी तरी..."

मागे दारात बू कार्सिह उभ्या होत्या. कान इकडेच. आज आवडते म्हटलं की संध्याकाळी ही बाई पुन्हा शेंगांचं भांडं घेऊन येणार, पाक मुगियोंना घेऊन येणार.

"नाही गं," बू लस्मी म्हणाल्या. "कंटाळा आला मला."

"मग मीही सोडते," रेत्नो म्हणाली. "ग्रुपवर सांगून टाकते, आमच्या इथेही कुणी बघत नाही. एकटीने काय बघायचं?"

मगरिब झाली. पाक मुगियो डॉमिनो खेळायला कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे निघाले होते. चाल अगदी हलकी झाली होती त्यांची. "काय चाललंय, बू?" त्यांनी रस्त्यातूनच विचारलं.

"काही नाही, पाक."

ते गेल्यावर बू लस्मींनी टीव्ही ओढून आतल्या खोलीत नेला, दार लावलं, खिडक्या लावल्या. मालिका सुरू व्हायच्या आत आवाज पार बंद करून टाकला. बाहेर ऐकू गेला असता तर ती भली माणसं पुन्हा आली असती.