जिजीची सुरतेतली दुकानं

सुरतेत कुठलंही नवं दुकान उघडलं की त्याची खबर आमच्या शेजारच्या जिजीला धानोऱ्यात बसल्या जागी लागायची. कपड्यांचं असो, पडदे-पलंगांचं असो, जिजी माझ्या ओट्यावर हजर. "येस का वं? देखी येऊत." विकत घ्यायचं नावच नाही. साठी ओलांडलेली बाई, पण नंदुरबारहून सकाळच्या गाडीत धावत जाऊन जागा धरायची ती, अन् मी मागून धापा टाकत चढायची.

दुकानात जिजी नुसती बघायची नाही, हात लावायची. चादर दिसली की उलटी करून टाके तपासायची. एकदा बिनडोक्याच्या पुतळ्याला घातलेला झगा पाहून तिने विक्रेत्या मुलीला गंभीरपणे विचारलं, "हिन्हं डोकं कोठे गयं?" ती पोरगी हसून हसून बेजार झाली.

तिचा खरा जीव मात्र घरसामानाच्या दुकानात. तिथे खोल्याच्या खोल्या मांडून ठेवलेल्या असतात: स्वयंपाकघर, उशा रचलेला पलंग, जेवणाचं टेबल. पहिल्यांदा अशा खोलीत शिरताना जिजीने चपला बाहेर काढल्या, मलाही काढायला लावल्या. मग हळूच विचारलं, "आठे कोन ऱ्हास?" कोणी राहत नाही, हे तिला पटेचना. ती कपाटं उघडून बघायची, नळ फिरवून बघायची. फळीवरची पुस्तकं आतून पोकळ निघाली तेव्हा चोरी पकडल्यासारखी खूश झाली.

या भटकंतीला आणखी एक कारण होतं, ते मला उशिरा उमगलं. जिजीची एकुलती लेक रेखा सुरतेतच राहायची. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. रेखाच्या लग्नाला बरीच वर्षं लोटली होती. दवाखाने झाले, नवस झाले. जिजी लेकीकडे जायची ती स्वतःची पाण्याची बाटली अन् दशम्या घेऊन, आणि जेवणाची वेळ झाली की नव्या दुकानाचं निमित्त काढून उठायची. लेकीने वाढलेलं ताट नाकारणं तिच्याने होत नसे.

"एक घास ते खाय ना, माय," रेखा दारापर्यंत येऊन म्हणायची.

"तुले लेकरू होऊ दे, मंग पोटभर जेवसू."

मला जिजीचा रागच यायचा. पण दोघींच्या मध्ये बोलणारी मी कोण?

एका खेपेला रेखाही आमच्याबरोबर निघाली. खांद्याला भली मोठी पिशवी. नवं दुकान, नव्या खोल्या. जिजी एका टेबलाशी बसून खुर्ची डुगडुगते का ते पाहत होती, तेवढ्यात रेखाने पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे उघडला. कळण्याची भाकर अन् भरीत.

"माय, हाई मन्हं घर नही शे. दुकान शे. आते जेव."

जिजी डब्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण माझे डोळे भरून आले होते. इतक्यात दुकानातली एक मुलगी इथे जेवू नका म्हणत लगबगीने आली. "मासी, अहीं जमवानी मनाई छे."

"थांब वं बाई," जिजी म्हणाली, "पहिलाच घास शे."

त्या मुलीला काय कळलं कोण जाणे. ती पाठ फिरवून शेजारच्या पलंगावरच्या उशा नीट करत बसली. जिजीने भाकर मोडली, भरीत घेतलं, सावकाश चावलं.

"मीठ कमी शे."

रेखा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर जिजी फार दिवस राहिली नाही. नातवंड काही तिला दिसलं नाही. दहाव्याला धानोऱ्यात बायका रेखाजवळ बसून हळहळत होत्या, लेकरू नाही म्हणून चुकचुकत होत्या. रेखाचं तिकडे लक्षच नव्हतं. येईल त्या बाईचा हात धरून ती दुकानातल्या त्या डब्याचं एकच सांगत होती, "तिनी दुसरी भाकर मांगीसन लिधी व्हती."