सुकवाराचा दगड

"तोंड उघड," मॅडम म्हणाली.

सुकवारानं तोंड उघडलं. अर्धंच. मॅडमनं पदर सावरला, वाकली, अन् तिच्या तोंडाचा वास घेतला. सगळी आश्रमशाळा प्रार्थनेले उभी होती. पोरं एकीकडे, पोरी एकीकडे, मास्तर लोक समोर.

"मोहाची पिऊन आली ही," मॅडमनं सगळ्यांले ऐकू जाईल असं सांगितलं. "पाहा डोळे. कशी झुलून राहिली पाहा."

पोरं हसली. मास्तरही हसले.

सुकवाराच्या पापण्या खाली पडत होत्या. ती बोटानं एक पापणी वर धरायची अन् तशीच मॅडमकडे पाहायची. तिले काही सांगायचं होतं, पण जीभ जड झाली होती. शब्द लोळत निघत. प्यायलेल्या माणसाचं असंच होते. आम्ही गोंडाच्या पोरी, आमच्या दारात मोहाचं झाड. मग मॅडमले दुसरं काय सुचणार?

मॅडम म्हणजे आमची अधीक्षिका. पोरींच्या वसतिगृहात तिचंच राज्य. तिनं मले हाताले धरून रांगेबाहेर ओढलं. सुकवारा अन् मी एका गावच्या, दरेकशाकडच्या डोंगरातल्या. झोपायलेही एकाच चटईवर.

"तू घे वास. सांग सगळ्यांना."

मी वास घेतला. कालच्या भाताचा आंबूस वास होता, बस्स. "मोहाचा वास नाही येत, मॅडम."

कानाखाली बसली. अशी बसली की डोळ्यापुढं अंधारी आली.

"तूही प्यायली असशील. तुमच्या जातीत आईच पाजते."

माझी आय पहाटे उठून मोहफुलं वेचायची. वाकून वाकून तिची कंबर गेली होती. त्याच फुलांवर माझ्या पायात चप्पल आली होती. सारी शाळा माझ्या आयवर हसली अन् मी गाल धरून उभी राहिली. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. जाणार नाही.

"उतरू दे हिची," असं म्हणून मॅडमनं सुकवाराले झेंड्याच्या खांबाजवळ उभं केलं. ती उभी राहिली, मग बसली, मग आडवी झाली. मी वर्गातून पळत तिच्याजवळ गेली. ती गोंडीत म्हणाली, पोट दुखते, गळा बंद होऊन राहिला. मी मॅडमले सांगितलं. मॅडम म्हणाली, "नाटकं." मास्तरले सांगितलं. मास्तर म्हणाला, मॅडमले सांग. शाळेची जीप भाजी आणायले आमगावले गेली होती. ती आली तोवर सुकवाराचा श्वास तुटत चालला होता. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच ती गेली. कांद्याच्या पोत्याजवळ.

तिचा बाप आला. संस्थेच्या अध्यक्षानं त्याले बाजूले नेलं. मी दारामागं होती.

"पोरगी पिऊन होती. बोभाटा कायले करता? तुमचीच बदनामी. गुपचूप घेऊन जा."

बाप पोरीले घेऊन निघाला. बोलणार काय? शिकल्यासवरलेल्या लोकांनी तोंडाचा वास घेऊन ठरवलं होतं.

आमच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड रोवतात. रोवायच्या आधी भुमक, म्हणजे आमचा पुजारी, घरच्यांले विचारते. कशानं मेला? कुठं मेला? ते चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागते, तेव्हाच दगड उभा राहते. सुकवाराच्या बापानं नाल्यातून दगड आणला होता. काळा, उभट, पोरीच्या कमरेइतका. भुमकानं विचारलं, कशानं मेली?  दारूनं मेली हे बापाच्या तोंडून निघेना, अन् दुसरं कशानं ते त्याले माहीत नव्हतं. दगड तसाच परत आला. घराच्या भिंतीले टेकून राहिला. पुढं बापही वारला, दगड तिथंच. सुकवाराची आय, जिले मी काकी म्हणते, त्याच्याजवळ बसून मिरच्या निवडायची.

मी शिकली. दात-ओठ खाऊन शिकली. नर्सिंगले लागली. एक दिवस तासाले शिकवणाऱ्या सिस्टर सापाबद्दल सांगून राहिल्या होत्या. मण्यार चावली तर खूण दिसत नाही, फार दुखत नाही. जमिनीवर झोपलेल्याले चावते. सकाळी पोट दुखते, पापण्या पडतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. लोकांले वाटते, माणूस प्यायला आहे.

मी बाकावरून उठली. बाहेर नळावर गेली अन् ओकली.

अरे, चावली होती तिले! माझ्याच चटईवर. आमच्या भिंतीले खाली बीळ होतं, आम्ही त्यात चिंधी कोंबत होतो. मी बाजूलेच झोपली होती. अन् ही बाई तिच्या तोंडाचा वास घेऊन राहिली होती.

त्याच आठवड्यात गावाले गेली. काकीले सगळं सांगितलं. काकी रडली नाही. दगडावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मले सांगून काय होते, बाई? जिथं माझ्या पोरीले दारूडी म्हटलं, तिथं सांग."

तिथं मले कोण बोलू देणार होतं? पण यंदा हिवाळ्यात मुख्याध्यापकाचा फोन आला. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. तू आता उपकेंद्रात नर्स आहेस, शाळेची शान आहेस. स्टेजवर ये, शाळेनं काय दिलं ते सांग. मी म्हटलं, येते.

लवकर गेली. आधी पोरींच्या झोपायच्या हॉलमध्ये शिरली. तोच हॉल, तीच भिंत. गाद्या गुंडाळून जमिनीवर ठेवलेल्या. खाली ते बीळ. त्यात चिंधी.  कोठीचं दार उघडं होतं. आत लोखंडी खाटा एकावर एक रचलेल्या, त्यांच्या नव्या गाद्यांचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. एक पोरगी झाडून राहिली होती. मी तिले विचारलं, "खाटा कोठीत काऊन?"

"तपासणीवाले साहेब आले की काढतो. गेले की ठेवतो. आम्ही खाटा मळवतो, असं अधीक्षिका म्हणते."

मी आधी तिच्या पापण्या पाहिल्या. नीट उघड्या होत्या.

मंडपात अध्यक्ष माइकवर होता. म्हातारा झाला, आवाज तोच. "ही पोरं जंगलातून आली तेव्हा अंगावर धड कपडा नव्हता. आम्ही यांना माणसात आणलं." टाळ्या पडल्या. आमच्याच लोकांनी वाजवल्या. मग गेलेल्या माजी विद्यार्थ्यांले श्रद्धांजली. राइस मिलच्या पट्ट्यात सापडलेला एक. गाडीखाली गेलेला एक पोलीस. बाळंतपणात गेलेली आमच्याच वर्गातली एक. सगळे उभे राहिले. सुकवाराचं नाव आलं नाही. सगळे बसले. मी उभीच राहिली.

माझी पाळी आली. समोरच्या खुर्चीत मॅडम बसली होती. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ.  

मी म्हटलं, "सुकवारा प्यायली नव्हती. तिले मण्यार चावली होती. याच शाळेत, जमिनीवर झोपल्यानं. तिले दवाखान्यात न्यायचं सोडून, मॅडम, तुम्ही तिच्या तोंडाचा वास घेतला. अन् पोरी आजही जमिनीवर झोपतात, खाटा कोठीत आहेत."

माइक बंद झाला. अध्यक्ष ओरडला, "अरे, बिठाओ इस बाई को!" मी काय माइकवर वाढली? डोंगराच्या या अंगाहून त्या अंगाले हाक मारणाऱ्या बायांची पोरगी मी. पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्याहून मोठ्यानं.

मॅडमनं शाल नीट केली. "मला काही आठवत नाही. किती पोरी येतात अन् जातात."

 मग मागून एक माणूस उठला. आमच्या वेळचा, आता एसटीवर ड्रायव्हर. "मले आठवते," तो म्हणाला. "मी हसलो होतो."

मग आणखी एक उठला. मग एक बाई.

त्या दिवसापासून फोन येऊन राहिले. नोकरी आहे ना बाई, सांभाळा. गडचिरोलीले बदली होऊन जाईल. शाळेची जीप दोनदा माझ्या उपकेंद्रासमोर उभी राहून गेली, कोणी उतरलं नाही. भीती वाटते. काऊन नाही वाटणार? पण बदली करायची तर करा. साप तिकडंही आहेत अन् जमिनीवर झोपणाऱ्या पोरीही.

दगड आता माझ्या अंगणात आहे. काकीनं स्वतः धुतला, हळद लावली. उन्हाळ्याची सुट्टी संपून पोरी पेट्या घेऊन परत येतील, त्या सकाळी तो आम्ही शाळेच्या फाटकासमोर नेऊ. भुमक विचारील, कशानं मेली? मी सांगीन. कुठं मेली? काकी हात करून हॉल दाखवील: जीव जीपमध्ये गेला, पण मरण इथंच चावलं. आयबाप सगळे तिथंच असतील, ऐकतील. दगड फाटकाच्या मधोमध रोवू. अन् कोठीतल्या खाटा बाहेर येऊन मांडल्या जाईपर्यंत एकाही पोरीले त्या दगडाच्या पलीकडं जाऊ देणार नाही.