दोन-सहा आणि दोन-आठच्या मध्ये

माझी सून सांगलीत घरीच शिकवणी घेते. पुढच्या खोलीत फळा, सतरंजीवर सातवीची पोरं आणि कोपऱ्यात कॉटवर मी. बायको गेल्यावर मुलानं मला मेढ्याजवळच्या गावातनं उचलून इकडं आणलं. मी तिसरी शिकलेला माणूस. ऐकत बसतो. कळलं तर कळलं.

त्या दिवशी तिनं फळ्यावर आडवी रेघ मारली. एका टोकाला दोन, दुसऱ्या टोकाला तीन. मध्ये बारीक खुणा. म्हणाली, "दोन आणि तीनच्या मध्ये किती संख्या?"

"नऊ," एक पोरगं ओरडलं.

"नऊ तर मी मारलेल्या खुणा झाल्या. कुठल्याही दोन खुणांच्या मध्ये अजून एक संख्या असतेच. तिच्या अलीकडं परत एक. संपतच नाहीत."

मला राहवलं नाही. "खोटं हाय," मी म्हणालो. "दोन-सहा आन् दोन-आठच्या मधी काय नसतंय. कासारणीला इचार जा."

पोरं फिदीफिदी हसली. सून हसली नाही.

बांगडीचं माप ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा आणे. सोळा आण्यांचा एक इंच. बांगड्या येतात चार आण्याच्या, सहाच्या, आठाच्या. माझ्या बायकोचा हात बरोबर सात आण्याचा. मेढ्याच्या बाजारातली कासारीण दरवेळी हेच सांगायची, आणि सात आण्याची बांगडी तिच्याकडं कधीच नसायची. आठाची भरली तर म्हशीची धार काढताना पंज्यावर यायची आणि बादलीला आपटून फुटायची. म्हणून बायको सहाची भरायची. साबण लावायचा, अंगठा तळहातात दुमडायचा, आणि कासारीण हात दाबून दाबून एकेक चढवायची. बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"आवं पाव्हणं, हात तिचा दाबतीया, तुमी का त्वांड वाकडं करताय?"

"मधलं माप ठेव की गं बाई."

"मधलं कुनी बनवतच न्हाई. तुमी काढा कारखाना."

"ह्यांच्यानं कुठला कारखाना!" बायको डोळे पुसत म्हणायची. "दुधाकडं बघा म्हटलं तर समोर बसून उतू घालवत्यात."

आजूबाजूच्या बायका हसायच्या. मीपण हसायचो.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्याआधी बरेच महिने अंथरुणाला होती. सवाष्ण गेली, हिरवा चुडा पाहिजे. मीच आणायला गेलो, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. कासारणीनं माप विचारलं तसा मी खेकसलो, "दोन-सहा. तुला ठावं न्हाई व्हय?" बायकोचं दुसरं काही मला पुरतं ठाऊक नसेल, हे एवढं चोख ठाऊक होतं.

घरी सुनेनं बांगडी तिच्या हातात घातली. साबण लागला नाही. दाबावं लागलं नाही. बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली, आणि हात खाली ठेवला तशी गळून चटईवर पडली. "मोठ्या झाल्या गं," बायकांतली एक म्हणाली. सुनेनं हिरव्या दोऱ्यानं सगळ्या बांगड्या मनगटाला बांधल्या. मी उंबऱ्यात उभा होतो.

शिकवणी सुटल्यावर सुनेनं हाक मारली. "मामा, इकडं या."

तिनं पहिल्या खुणा पुसल्या आणि सोळा आण्यांच्या मारल्या. "हे सहा, हे आठ. आणि हे मधलं सात. कुणी बनवत नाही म्हणून ते नसतं असं नाही."

"मंग तिचा हात हितं."

"हो."

"आन् शेवटाला?"

तिनं खाली सरकून एका खुणेवर बोट ठेवलं. "चारावर. त्याच्याही खाली असेल."

मी खडू घेतला. सातावर टेकवला, उचलला आणि चारावर टेकवला.

"असं नाही मामा," ती हळू बोलली. माझ्या हातातला खडू घेऊन तिनं सातावर ठेवला आणि न उचलता चाराकडं ओढत नेला. "हात उडी मारत नाही. साडेसहा लागतं, सव्वासहा लागतं, त्यांच्या मधलं सगळं लागतं. एकही जागा चुकवून पुढं जाता येत नाही."

मी त्या रेघेकडं बघत राहिलो. त्या सगळ्या जागांवरनं ती गेली आणि मी त्याच घरात होतो. औषध पाजत होतो. उठवून बसवताना तोच हात धरत होतो. कालच्यासारखाच लागायचा. दुखणं नवीन होतं तेव्हा एकदा म्हणाली होती, "आता बरं वाटतंय बघा, बांगड्या आवळत न्हाईत." मी म्हणालो, "चांगलं झालं की." पुढं दवाखान्यात सलाईन लावताना बांगड्या काढल्या, त्या परत भरल्याच नाहीत. मग बघायलाही काही उरलं नाही.

ती साडेसहावर होती तेव्हा तरी मला कळायला पाहिजे होतं. कळून मी काय केलं असतं, ठाऊक नाही. निदान तिला "चांगलं झालं" म्हणालो नसतो.

"पुसू का?" सुनेनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. खडू परत सातावर ठेव," मी म्हणालो. "आन् आता लय सावकाश ने."