नव्या लॅपटॉपवर अप्पांची फाईल

आज सकाळी अकरा वाजता मी भोरला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात होतो. नव्या लॅपटॉपवर जुनं विंडोज सेव्हन टाकून घ्यायचं होतं.

दुकानदार संतोषदादा हसले. "लोकं नवीन टाकायला येत्यात, तू जुनं मागतोस व्हय रं?"

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, विंझरला लग्नपत्रिका करायचे. ताईची पत्रिका त्यांचीच. अप्पा गेल्या वर्षी गेले. आता धाकट्या सोनीचं लग्न ठरलंय, आणि ती म्हणते, "दादा, मला अप्पांचीच पत्रिका पायजे." पण त्यांचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही.

पहिल्या वेळी विंडोज सेव्हनची ओळखीची निळी स्क्रीन आली, पण माऊस हलेना की कीबोर्ड चालेना. अप्पांचं दुकान समोर उघडं दिसावं आणि आत पाय ठेवता येऊ नये, तसं वाटलं. मग संतोषदादांनी पेनड्राइव्हमध्ये माऊस-कीबोर्ड चालवणारे ड्रायव्हर घातले आणि जमलं.

अप्पांचं सॉफ्टवेअर टाकून ताईच्या पत्रिकेची फाईल उघडली. तोच गणपती, तीच वेलबुट्टी. मी ताईच्या जागी सोनीचं नाव टाकलं, नवरदेवाचं नाव आणि तारीख बदलली, 'ज्येष्ठ कन्या'चं 'कनिष्ठ कन्या' केलं, भावकीतली नावं दोनदा तपासली.

राहिलं फक्त अप्पांच्या नावाआधीचं 'श्री.' ते त्यांनी स्वतः टाईप केलेलं. ते पुसून आता 'कै.' लिहायचं होतं.

"लिही की," संतोषदादा हळूच म्हणाले.

माझ्याच्यानं झालं नाही. लॅपटॉप मिटून घरी आलो.

पत्रिका उद्या छापायला द्यायची आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या वडिलांच्या नावाआधी हे अक्षर पहिल्यांदा लिहिलंय का? हात कसा धजावला?