एक्कावन्न मजले आणि एक भिंत

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या हातची शेड नाही असा रस्ता दाखवा, मी पदवी जाळून टाकते. वीस वर्षांत मी इतके पत्रे अंथरले की सलग जोडले असते तर वैतरणेपासून डहाणूपर्यंत कोणाला छत्री लागली नसती. लोक मला आर्किटेक्ट म्हणत नाहीत. ‘शेडवाल्या मॅडम’ म्हणतात. आमचा भाजीवालासुद्धा कांदे तोलता तोलता विचारतो, “मॅडम, टपरीवर दोन पत्रे टाकून द्या ना.”

म्हणून त्या दिवशी रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका शेठने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “मॅडम, हॉटेल काढायचं. एक्कावन्न मजली,” तेव्हा मी खुर्चीतून उठले ती छताला टेकले.

“बंदर येणार, बुलेट ट्रेन येणार,” शेठ म्हणाले. “फॉरेनर उतरणार कुठे? आणि मॅडम, प्रत्येक मजल्यावर आपली संस्कृती पाहिजे.”

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “एक्कावन्न? आपल्या सोसायटीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडते.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तेवढा वेळही नव्हता. शेठची संस्कृती रोज सकाळी साडेआठला फोनवर यायची. तळाला कमळ, शेंड्याला कळस. मधे मोर, पण पिसारा पार्किंगच्या आड येता कामा नये. अकराव्या मजल्यावर योगासनं, बाराव्यावर जिलबी. चौदाव्यावर सातपाटीचा मासळीबाजार, मात्र वास न येणारा. विसाव्यावर शिरगावच्या किल्ल्याचा बुरूज, आत स्विमिंग पूल. मी सगळं काढलं. कागद इतका लांब झाला की एक टोक ऑफिसात आणि दुसरं खाली वडापावच्या गाडीवर होतं. तेलाचे डाग पडले ते शेठना नक्षी वाटले.

राहिली दर्शनी भिंत. तिथे वारली चित्र हवं होतं.

“तो गोल नाच नको,” शेठ म्हणाले. “तो सगळ्यांच्या पडद्यावर असतो. मला तो चौकोन पाहिजे, लग्नातला. बिल्डिंग चौकोनी, चित्र चौकोनी. आणि खऱ्या बाईच्या हातचं. भूमिपूजन चैत्रात. तोपर्यंत चौक आला तर बिल्डिंग तुमची. नाही आला तर दुबईसारखी काच लावतो, आणि काच लावायची तर आर्किटेक्ट मुंबईचा लागणार.”

म्हणजे माझा जन्म शेडमध्ये जाणार की नाही, हे आता एका चौकोनावर आलं होतं.

मनोरच्या रस्त्याला आत एका पाड्यावर एक म्हातारी राहते. तांदळाच्या पिठात बुडवलेली काडी तिच्या हातात आली की माणसं भिंतीवर चालायला लागतात. मी स्वतः पाहिलंय, एक बैल चालत खिडकीपर्यंत गेला आणि बाहेर गवत बघून थांबला. मी तिच्यासमोर एक्कावन्न मजल्यांचा कागद पसरला. अंगणात मावला नाही, शेवट शेजारच्या कोंबड्यांनी वाचला.

“नाच पायजे तर लिवून देते,” ती म्हणाली. “चौक नाय.”

“का गं मावशी?”

“चौक सवाशीण लिवते. माजं लगीन कुठं झालंय?”

मी तिच्याकडे पाहिलं. मागे ओट्यावर तिचा म्हातारा दोरी वळत बसला होता. चार मुलं, नऊ नातवंडं, सगळी अंगणात. म्हातारी मला समजावून सांगायला लागली, जणू मी तिचं दहावं नातवंड होते. तरुणपणी ती याच्या घरी राहायला आली. लग्नाचे विधी, गावजेवण, सगळं ‘होईल सवडीनं’ म्हणून राहिलं. त्यांच्यात असं चालतं, कोणी नावं ठेवत नाही. फक्त दुसऱ्याच्या लग्नात चौक लिहायला बायका बसल्या की आख्ख्या पाड्यातली सगळ्यात सुंदर बोटं बाजूला बसून पीठ कालवत राहतात.

“किती वर्षं कालवतेस?”

“चाळीस झाली असतील.” ती हसली, पण काडी बाजूला ठेवून हसली.

मी तिथेच उभी राहून जाहीर केलं, “मग लावू या लग्न!”

ओट्यावरून म्हातारा म्हणाला, “माला इचारलंस काय? आदी पोरगी बगतो. पसंत पडली तर सांगतो.”

“चाळीस वरीस बगतोस, अजून बगून झाली नाय तुजी?” म्हातारीने त्याच्यावर टोपली फेकली. होकार समजायचा तो.

शेठ तर खूश झाले. “अस्सल संस्कृती!” म्हणत त्यांनी मांडव, जेवण आणि तीन फोटोग्राफर पाठवले. अडचण निघाली वेगळीच. चौक लिहितात लग्नघराच्या भिंतीवर, आणि म्हातारीचं घर सरकारी योजनेतलं, सिमेंटचं, गुलाबी ऑइलपेंट मारलेलं. त्यावर पीठ टिकेना. जाणत्यांनी सांगितलं, कुडाचीच भिंत पाहिजे. मी रात्रीचं जेवण सोडून तिचं ड्रॉइंग केलं, एलिव्हेशन, सेक्शन, सगळं. पाड्यावरच्या बायकांनी कागद उलटासुलटा पाहिला.

“ठेव गुंडाळून. कारवी धर, बाय.”

मग मी कारवीच्या काठ्या धरल्या. माती तुडवली, शेण कालवलं. एक्कावन्न मजल्यांची आर्किटेक्ट गुडघाभर चिखलात, आणि भिंत आठ फूट. पण भिंत उभी राहिली. गेरूचा हात दिला तेव्हा उन्हात अशी तांबडी दिसली की मांडवातले फोटोग्राफर आपणहून चपला काढून आले.

लग्नाच्या दिवशी सवाशिणी चौक लिहायला बसल्या. नवरी अर्थातच लिहिणार नव्हती, ती हळद लावून बसली आणि लांबून सगळ्यांच्या चुका काढत राहिली. मधेच तिने मला हाक मारली. “तुजं लगीन झालंय ना? मंग एक रेघ वड.” वीस वर्षं पट्टीने रेघा मारलेल्या माझ्या हाताने कडेची एक रेघ ओढली. ती अशी नागमोडी गेली, जशी मनोरची बस.

“वाकडी हाय,” नवरी म्हणाली. “ऱ्हाऊ दे.”

धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हटली, तारपा वाजला, म्हातारा नवरदेव इतका नाचला की शेवटी नातवांनी उचलून खाली बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर. “मावशी, आता तू सवाशीण. चल, हॉटेलचा चौक लिहायचा.”

“लिवते की. लगीन कुणाचं?”

“लग्न नाही गं. हॉटेल आहे.”

“मंग चौक कशाला?” तिने इतक्या मायेने विचारलं की मला राग धरता येईना. “चौक मांडला म्हंजे देवी येनार. आली आन मांडवात नवरी नाय, तर तिनं काय योगासनं करायची अकराव्या माळ्यावर?”

शेठना मी हेच जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी फोनवरच एका शब्दात निकाल दिला, “काच.”

मुंबईचा आर्किटेक्ट आला, गॉगल घालून. जमिनीत चार भोकं पाडली, खाली चिखल आणि त्याच्या खाली आणखी चिखल लागला. एक्कावन्नाचे एकवीस झाले, एकविसाचे सात. शेवटी शेठचाच फोन आला. “मॅडम, बंदर येणार म्हणतात. गोदाम टाकू या. शेड तुमच्याशिवाय कोण काढणार?”

ती शेड मी एका दुपारी काढली. चांगली आहे, गळत नाही. तिच्याकडे मी बघत नाही.

आठ फुटांची ती भिंत मात्र अजून उभी आहे. पाड्यावर येणाऱ्याला सांगतात, “बायच्या भिंतीकडनं वळा.” मोठ्या नातवाचं लग्न ठरलं तेव्हा म्हातारीने निरोप पाठवला. चौक आता ती स्वतः लिहिणार होती, पहिल्यांदाच. कडेची एक रेघ माझ्यासाठी ठेवली होती, आणि पट्टी घेऊन यायचं नाही अशी ताकीद होती.

मी शेठची मीटिंग रद्द करून गेले.